सायकलीचें चाक घेतांना

सायकल घ्यावयास दुकानांत गेलेल्या मनुष्याची नजर प्रथम सांगाड्याच्या रंगावर जाते, मग गिअर किती आहेत याकडे जाते, आणि पैसे मोजून झाल्यावर मग कोठें चाकाकडे जाते. वस्तुतः रस्त्याशीं गांठ असते ती चाकाची. खड्डा, पाऊस, वाळू आणि स्वाराचें वजन हीं सर्व चाकच सोशीत असतें. वेगाच्या सायकलीच्या बाबतींत, म्हणजे जिला हल्लीं सर्वत्र रोड-बाइक म्हणतात तिच्या बाबतींत, हें विशेषच खरें आहे. कारण तिचे टायर अरुंद, रिम हलकी आणि स्पोक मोजके. तिच्या चाकांच्या जोडीची किंमत कांहीं हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत जाते. या दोन टोकांच्या दरम्यान बेताच्या मिळकतीच्या माणसानें कोठें थांबावें, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं चाक उभें कसें राहतें हें समजून घेतलें पाहिजे. बैलगाडीच्या चाकाचें काम सोपें आहे. तुंब्यावर भार येतो, तो खालच्या आऱ्यावर टेकतो, आणि आरा तो जमिनीला पोंचवितो. सायकलीचा स्पोक इतका बारीक असतो कीं त्याला असें दाबूं गेल्यास तो तत्काळ वाकेल. म्हणून सायकलीच्या चाकांत सर्वच स्पोक आधींपासून ताणून ठेवलेले असतात. ही कल्पना इंग्लंडांतील जॉर्ज केली यानें १८०८ सालीं मांडली. आणि कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्ली यानें १८७४ सालीं स्पोक हबमधून सरळ न काढतां तिरपे, एकमेकांना ओलांडून जातील असे बसविण्याचें पेटंट घेतलें. आजचें चाक मुख्यतः त्याच बांधणीचें आहे. पुष्कळांची समजूत असते कीं हब वरच्या स्पोकांना लोंबकळत असतो. तें तसें नाहीं. स्वार बसला म्हणजे वरच्या स्पोकांचा ताण जवळजवळ होता तेवढाच राहतो. जमिनीलगतच्या दोन-चार स्पोकांचा ताण मात्र कमी होतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्यानें १८८१ नव्हे, १९८१ सालीं, म्हणजे चाक वापरांत येऊन शतक लोटल्यावर, सायकलीच्या चाकावर लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत हें गणितानें दाखवून दिलें.

याचा व्यवहारांत अर्थ काय? चाकाचा घेर सुमारें २.१ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारें ४७५ फेरे घेतें, आणि २०० किलोमीटरच्या एका फेरींत प्रत्येक स्पोक सुमारें ९५,००० वेळां सैल होऊन पुन्हां ताणला जातो. पत्र्याची पट्टी पुढेंमागें वांकवीत राहिल्यास ती अखेर तुटते. स्पोकही तसाच थकून तुटतो, एखाद्या धक्क्यानें क्वचितच. आणि तो तुटतो तो बहुधा हबपाशीं, जेथें त्याला कोपर असतें तेथें. गंमत अशी कीं ताठ स्पोकापेक्षां ढिला स्पोक लवकर दगा देतो. कारण तो प्रत्येक फेऱ्यांत पुरता सैल पडतो, कोपरांत हलतो, आणि त्याचें निपलही हळूहळू उलगडत जातें. तेव्हां टिकाऊपणा धातूच्या जाडीपेक्षां ताणाच्या सारखेपणांत अधिक आहे.

मागच्या चाकाची तर आणखी एक अडचण आहे. उजव्या बाजूस दहा-बारा दांतेरी चक्रें बसवावयाचीं, म्हणून हबची उजवी तबकडी मध्याकडे सरकवावी लागते. त्यामुळें उजवीकडचे स्पोक खडे व फार ताठ, आणि डावीकडचे त्याच्या निम्म्याच्या आसपास ताणलेले, अशी ओढाताण कायमची होऊन बसते. चाक आउट होतें तें बहुधा मागचेंच, यांत नवल नाहीं. कांहीं रिमांत भोकें मध्यावर न पाडतां किंचित् डावीकडे पाडलेलीं असतात. त्यानें ही विषमता बरीच कमी होते. मागच्या चाकाला अशी रिम मिळाल्यास अवश्य घ्यावी.

आतां स्पोकांच्या संख्येकडे वळावें. पूर्वीं घरोघरीं असलेल्या काळ्या सायकलींना पुढें ३२ आणि मागें ४० स्पोक असत. त्यांवर दुधाच्या किटल्या, सिलिंडर आणि सहकुटुंब मंडळी जात. आजच्या शर्यतीच्या घाटाच्या चाकांत पुढें २० आणि मागें २४ एवढेच स्पोक आढळतात. स्पोक कमी म्हणजे वारा कापणें सोपें, ही गोष्ट खरी. परंतु ती ताशी चाळीस किलोमीटरनें जाणाऱ्याला उपयोगी. उत्तर फ्रान्समध्यें १८९६ पासून चालत आलेली पॅरिस-रूबे ही शर्यत दगडी फरसाच्या खडबडीत वाटांवरून जाते. तेथें उतरणाऱ्या नामांकित संघांना चाकाच्या किंमतीची फिकीर करण्याचें कारण नव्हतें. तरीही या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांतील पुष्कळ स्वार त्या एका दिवसापुरतीं आपलीं नेहमींचीं चाकें बाजूस ठेवून हातानें बांधलेलीं ३२ स्पोकांचीं साधीं चाकें लावीत. पावसाळ्यानंतरचा आपल्याकडील रस्ता ज्यांनीं पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

पुण्यांत कारकुनी करणारा, ८२ किलो वजनाचा एक तरुण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत यावयाची सुमारें १२०० किलोमीटरची जी सफर १८९१ सालीं सुरू झाली व हल्लीं चार वर्षांनीं एकदां भरते, तींत एकदां तरी उतरावें अशी त्याची हौस. त्यासाठीं त्याच वर्षांत २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या ठरलेल्या वेळांत पुऱ्या कराव्या लागतात. पहिलीला साडेतेरा तास. ठरलेल्या तपासणी-नाक्यांखेरीज स्वतःच्या मागून येणाऱ्या मोटारीची मदत चालत नाहीं. समजा, तो पहांटे पुण्याहून निघाला, कात्रज आणि खंबाटकी चढून वाईस आला, आणि पसरणीच्या घाटांत मागचा एक स्पोक टणकन तुटला. चाक २४ स्पोकांचें असेल तर रिम तत्काळ एका बाजूस ओढली जाते आणि सांगाड्याला घासूं लागते. त्यांतून स्पोक कंपनीच्या खास घडणीचा, चपटा व बिनकोपराचा असला तर तो वाईस मिळावयाचा नाहीं, साताऱ्यासही नाहीं. वर्षभराची तयारी, बाजूस टाकलेला पैसा, सर्व त्या एका काडीपायीं बसनें परत येतें. तेंच चाक ३२ स्पोकांचें असतें तर रिम थोडी डुगडुगली असती. शेजारच्या दोन स्पोकांचीं निपलें किंचित् फिरवून तो सावकाश पांचगणीस पोंचून परतही आला असता.

म्हणून ज्याचें वजन ७० किलोच्या वर आहे, किंवा जो सामान बांधून दूर जाणार आहे, त्यानें निदान मागें तरी ३२ स्पोक घ्यावे. हलक्या मनुष्यास पुढें २८ पुरतात. स्पोक कोपराचे, सर्वत्र मिळणारे असावे. टोकांशीं २ मिलिमीटर आणि मध्यें १.८ मिलिमीटर जाडीचे मिळाले तर उत्तम. मध्यें बारीक असलेला स्पोक लवचिक असतो आणि धक्क्याचा कांहीं भाग स्वतः गिळून कोपर वांचवितो. जाड तो मजबूत हा साधा तर्क येथें फसतो. निपल पितळेचें घ्यावें. ॲल्युमिनियमचें निपल कांहीं ग्रॅमनीं हलकें खरें, परंतु कोंकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेंत तें गंजून रिमला घट्ट बसतें आणि किल्ली लावतांच त्याच्या कडा उडतात.

हबचे दोन प्रकार आहेत. एकांत वाटी, कोन आणि सुटे छर्रे. दुसऱ्यांत आयते बंद बेअरिंग. पहिला प्रकार कोणताही जुना मिस्त्री उघडून, पुसून, ग्रीस भरून देईल, आणि छर्रे अगदीं स्वस्त. पण हयगय करून वाटीलाच खड्डे पडूं दिले तर हब संपला. दुसऱ्यांतील बेअरिंगवर आंकडा कोरलेला असतो. तो दाखविला कीं बेअरिंगच्या दुकानांत तेंच मिळतें. ज्याला स्वतः पाना धरण्याची आवड आहे त्यानें पहिला घ्यावा, नाहीं त्यानें दुसरा. पैसे जास्त घालावयाचे तर ते हबमध्यें घालावे, कारण रिम झिजली तरी हब राहतो आणि त्यावर नवी रिम गुंफतां येते.

रिमचें आयुष्य ब्रेकवर अवलंबून आहे. रबराचा ब्रेक रिमलाच धरतो, आणि पावसांत चिखलाचा जो गुळगुळीत लेप तयार होतो तो रिमची भिंत कानशीप्रमाणें खातो. अशा रिमवर बहुधा एक बारीक खांच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला कीं रिम बदलावीच, नाहींतर हवेच्या दाबानें भिंत फाटते. तबकडीचा, म्हणजे डिस्क ब्रेक असेल तर रिम या झिजेंतून सुटते. मात्र मग ब्रेकचा सारा पीळ हबमधून स्पोकांवर येतो, म्हणून पुढच्या चाकाचेही स्पोक एकमेकांना ओलांडणारेच असले पाहिजेत. रबराच्या ब्रेकसाठीं कार्बनची रिम घेण्याचा मोह घाटांत राहणाऱ्यांनीं टाळावा. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यानें ती तापते, आणि तापून बिघडल्याचीं उदाहरणें आहेत. रिम टायरच्या कडेस धरणाऱ्या आंकड्याची असावी. बिनआंकड्याच्या रिमला ठराविकच टायर चालतात आणि हवेचा दाब ५ बारच्या पुढें नेतां येत नाहीं. आणि सांगाड्यांत जागा असेल तर २८ मिलिमीटर किंवा अधिक रुंदीचा टायर घालावा. रिम वांचविण्याचा याहून स्वस्त उपाय नाहीं.

हलकेपणाचा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. महागडी जोडी साध्या जोडीहून ३०० ग्रॅमनें हलकी धरली, आणि स्वार व सायकल मिळून ८५ किलो धरले, तर फरक हजारांत साडेतीनाचा. पाऊण तासाच्या चढांत तो फार तर नऊ-दहा सेकंदांचा होतो. तेवढा वेळ एक केळें सोलण्यांत जातो.

राहतां राहिला बांधणाराचा हात. उत्तम रिम, उत्तम हब आणि उत्तम स्पोक घेऊनही बांधणी कच्ची असेल तर चाक टिकत नाहीं. साध्या मालाचें पण नीट बांधलेलें चाक वर्षानुवर्षें चालतें. परीक्षा दुकानांतच करतां येते. चाक फिरवून ब्रेकपाशीं रिम डावी-उजवी किंवा वर-खाली हलते कीं काय तें पाहावें. मग एकाच बाजूचे स्पोक बोटानें छेडीत जावें. तंबोरा लावणारास सांगावें लागणार नाहीं. सर्वांचा स्वर जवळपास एकच निघाला पाहिजे. एखादा बद्द वाजला तर चाक परत करावें. जाणता कारागीर आउट काढून झाल्यावर स्पोकांच्या जोड्या मुठींत धरून जोरानें आवळतो, त्यामुळें कोपरें आपल्या जागीं बसतात आणि पुढील थकवा कमी होतो. हें करतांना कोणी दिसला तर दोन पैसे जास्त मागितले तरी काम त्यालाच द्यावें.

नवें चाक दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर एकदां पुन्हां दाखवून घ्यावें. पुढचे, मागचे डावे आणि मागचे उजवे स्पोक निरनिराळ्या लांबीचे असतात. बांधतेवेळींच प्रत्येकीं दोन जास्त मागून सांगाड्याला बांधून ठेवावे, आणि तिन्ही लांब्या कागदावर लिहून तो कागद बैठकीखालच्या पिशवींत किल्लीबरोबर ठेवावा. उजवीकडचा मागचा स्पोक तुटला तर मात्र दांतेरी चक्रें उतरविल्याशिवाय नवा घालतां येत नाहीं. त्या प्रसंगासाठीं चिवट दोऱ्याचा तात्पुरता स्पोक मिळतो, तोही त्याच पिशवींत मावतो.