देहदात्यांचा सन्मान : समाजाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली आहेत. देहदानाचे नाव त्यांत नाही. परंतु दान केलेल्या देहावरून भावी डॉक्टरला ज्ञान मिळते, त्या ज्ञानातून औषधोपचार घडतो आणि रुग्णाला अभय लाभते.

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र शिकावे लागते. कोणती रक्तवाहिनी कोठून जाते, हे केवळ चित्रावरून पुरते कळत नाही. १९४९ च्या कायद्याने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय झाली. ज्यांचे जगात कोणी नव्हते, त्यांच्या देहांवर डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या. ते ऋणही विसरता येणार नाही. देहदाता मात्र आप्तस्वकीय असताना, स्वेच्छेने हा निर्णय घेतो.

हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे सुपुत्र नानाजी देशमुख यांचे २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला. थायलंडमधील विद्यार्थी अशा देहाला ‘थोर गुरू’ म्हणून वंदन करतात. भारतातही अनेक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी विद्यार्थी आदराची शपथ घेतात.

वर्धा जिल्ह्याचे भाग्य असे, की १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे सावंगी (मेघे) येथेही झाले. समुद्रपूरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही.

मृत शरीरात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून अंत्यसंस्कार विनाविलंब व्हावा, असे मानणारे श्रावक समाजात आहेत. त्यांची शंका अश्रद्धेतून नव्हे, अहिंसेतून आलेली आहे. तिचा निकाल सभेत हात वर करून लागत नाही. प्रत्येक कुटुंबाने गुरुमहाराजांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा. जो देहदान करीत नाही, तो उणा ठरत नाही.

मग सन्मान कोणाचा? दिवंगत आत्म्याला शाल-श्रीफळाची अपेक्षा नसते, आणि मानाची हाव हा तर कषायच. सन्मानाची गरज आहे ती मागे राहिलेल्यांना. महाविद्यालयातून ते रिकाम्या हातांनी परततात. अग्निसंस्कार नाही, अस्थी नाहीत, वर नातलगांचा प्रश्न, “शेवटचे कर्तव्यही केले नाही?” त्या क्षणी समाज पाठीशी उभा राहिला पाहिजे. शोकसभा तितक्याच आदराने व्हावी, कुटुंबाच्या संमतीने दात्याचे नाव दरवर्षी वाचले जावे आणि वारसांना मानाने पाचारण करावे. त्याला खर्च फारसा नाही. मन मोठे हवे.

इच्छुकांनी एक व्यवहार ध्यानी ठेवावा. नुसता अर्ज भरून भागत नाही. मृत्यूनंतर तो निर्णय वारसांनाच अमलात आणावा लागतो. म्हणून मुला-सुनांशी, लेकी-जावयांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. संसर्गजन्य आजार किंवा उत्तरीय तपासणी झाली असल्यास देह सहसा स्वीकारला जात नाही. अशा वेळी दात्याची इच्छा व्यर्थ गेली असे मानू नये. भाव शुद्ध होता, तोच खरा.

देह अनित्य आहे, हे बारा भावनांतील पहिलीच भावना शिकविते. त्या अनित्य देहातून जाता जाता कोणाचे कल्याण साधले, तर ते जीवांच्या परस्पर उपकाराचेच आचरण होय.

इत्यलम्. जय जिनेंद्र!