शाळेचा पासवर्ड कोणाकडे आहे?



शिष्यवृत्तीबद्दल आपण नेहमी बोलतो. अर्ज कधी भरायचा, कोणते दाखले लावायचे, हे एकमेकांना सांगतो. आज मी त्यापुढच्या गोष्टीबद्दल बोलणार आहे : शाळेच्या लॉगिनबद्दल.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरलेला अर्ज आधी शाळेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो. त्यांनी तो तपासून मंजूर केला, की मग जिल्ह्याकडे. म्हणजे ‘हा विद्यार्थी आमचाच आहे’ ही पहिली साक्ष शाळा देते, आणि ती एका लॉगिनमधून दिली जाते.

ही साक्षच खोटी ठरली तर काय होते, ते आपण पाहिले आहे. २०२३ मध्ये केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने १५७२ संस्थांची तपासणी केली. त्यातल्या ८३० बनावट किंवा बंद निघाल्या. सुमारे १४४ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सांगून प्रकरण सीबीआयकडे देण्यात आले. हा पैसा आपल्याच वस्त्यांतल्या मुलामुलींसाठी होता. त्यानंतर नोडल अधिकाऱ्यांची आधारद्वारे बोटांच्या ठशांची पडताळणी सुरू झाली. पण ठसा माणूस ओळखतो. पासवर्ड सांभाळणे हे शाळेचेच काम राहते.

मी शाळांमध्ये जाऊन शिक्षक आणि लिपिकांना संगणकाचे काम शिकवतो. तिथे काय दिसते? पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेला. ‘सरल’, ‘यूडायस प्लस’ आणि शिष्यवृत्ती, तिन्हींना एकच पासवर्ड. ओटीपी जातो तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सरांच्या मोबाइलवर. आणि शेवटच्या तारखेच्या घाईत सगळे लॉगिन चौकातल्या सायबर कॅफेवाल्याकडे. यात कोणाची वाईट नियत नसते. शाळेत संगणक एक, लिपिक एक, कामे पन्नास. पण त्या खात्यात मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल आणि बँक खाती असतात. आणि उद्या चौकशी आली, तर ज्याच्या नावाचे लॉगिन, त्यालाच उत्तर द्यावे लागते.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रत्येक पोर्टलला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा. जिथे प्रत्येकाला स्वतंत्र खाते मिळते, तिथे एकाचे लॉगिन दुसऱ्याने वापरू नये. ज्याला फक्त हजेरी भरायची आहे, त्याला बाकीचे अधिकार देऊ नयेत. कोणाची बदली किंवा निवृत्ती झाली, तर कार्यमुक्त करतानाच खाते बंद करा आणि नोंदवलेला मोबाइल बदला. कोणते लॉगिन कोणाकडे, याची एक वही मुख्याध्यापकांकडे असावी. त्या वहीत पासवर्ड मात्र लिहू नये. मंजूर केलेल्या अर्जांची यादी दुसऱ्या शिक्षकाने हजेरीपटाशी पडताळून सही करावी. खोटे नाव तिथेच सापडते.

तुमच्यातले काही जण उद्या शिक्षक होतील, काही जण आजच कॅफे चालवतात. कॅफेवाल्या मित्रांनो, शाळेचे लॉगिन तुमच्याकडे साठवू नका. फॉर्म भरून द्या, मंजुरीचे बटण शाळेलाच दाबू द्या. बाकीच्यांनी या आठवड्यात आपल्या जुन्या शाळेत जा, सरांना-मॅडमना भेटा आणि विचारा : ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तर तिथेच बसा आणि बदलायला मदत करा.