अलेकची गोष्ट



आज मी तुम्हाला एका मुलीची हकीकत सांगणार आहे. ती आपल्या गावची नाही. आपल्या देशाचीही नाही. पण ऐकाल तर ओळखीची वाटेल.

तालुक्याच्या कापड दुकानात तुम्ही जाता. दाराशी एक बाहुली उभी असते. तिला नवी साडी नेसवलेली असते. ती पाहून गिऱ्हाईक आत शिरते. होय ना? मोठ्या शहरांत हेच काम जिवंत माणसे करतात. नवे कपडे घालून लोकांपुढे चालून दाखवतात. त्यांचे फोटो मासिकांत छापतात. अशा माणसाला मॉडेल म्हणतात. या धंद्यात लोक आधी रंगरूप पाहतात, बरं का.

आता अरबी समुद्राच्या पलीकडे चला. तिकडे आफ्रिका खंड आहे. तिथल्या सुदान देशाच्या तेव्हाच्या दक्षिण भागात डिंका नावाचे लोक राहतात. उंच, सडपातळ आणि रंगाने काळेभोर. गाईगुरे हेच त्यांचे धन. ते ज्वारीही पिकवतात. वाऊ या गावी अशाच एका डिंका घरात १९७७ साली एक मुलगी जन्मली. नऊ भावंडांतली ती सातवी. तिचे नाव अलेक ठेवले. आडनाव वेक. त्यांच्या भाषेत अलेक म्हणजे काळ्या ठिपक्यांची गाय. अशी गाय ते लोक शुभ मानतात.

वडील शिक्षण खात्यात नोकरीला होते. घर सुखाचे होते. पण १९८३ साली देशात युद्ध पेटले. अलेक तेव्हा सहा वर्षांची. पुढे गोळीबार वाऊपर्यंत आला. तेव्हा घरदार सोडून सगळे पायी निघाले. दिवसचे दिवस रानातून चालले. वडिलांच्या खुब्याला जुनी दुखापत होती. ती चिघळली. राजधानी खार्टूमला त्यांच्यावर उपचार झाले, पण ते वाचले नाहीत.

१९९१ साली अलेक इंग्लंडला, लंडन शहरी बहिणीकडे आली. वय १४. आई मागाहून आली. इंग्रजी भाषा तिला धड येत नव्हती. तुम्ही या वर्गात पहिल्या दिवशी पाटी हातात घेतलीत, तेव्हा मनात कसे झाले होते? तसेच तिचे झाले असेल. शाळेत मुले तिच्या रूपावरून चिडवीत. ती शिकत राहिली. शिकता शिकता साफसफाईची कामे केली. मग कपड्यांच्या कलेचे शिक्षण घेऊ लागली.

१९९५ साली ती एकदा बाजारात गेली होती. लंडनमधला उघड्यावर भरणारा बाजार, आपल्या आठवडी बाजारासारखाच. तिथे मॉडेल शोधणाऱ्या एका माणसाने तिला पाहिले आणि विचारले, हे काम करशील का? तिथून तिचे दिवस पालटले. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'एल' या मोठ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. केस अगदी बारीक कापलेले. रंग जसा आहे तसाच, काळाभोर. जगभर तिचे नाव झाले.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. आफ्रिकेतच केनिया देश आहे. तिथली एक मुलगी रोज रात्री देवाला विनवी, देवा, सकाळी मला गोरी करून उठव. पुढे तिने अलेकचे फोटो पाहिले. आपल्यासारख्याच काळ्या बाईला लोक सुंदर म्हणतात, हे पाहून ती थक्क झाली. ही मुलगी म्हणजे लुपिता न्योंगो. ती मोठी नटी झाली. २०१४ साली तिला सिनेमाचे ऑस्कर बक्षीस मिळाले. त्याच वर्षी एका भाषणात तिने ही आठवण स्वतः सांगितली. आई तिला सांगे की रूप खाऊन पोट भरत नाही, खरे सौंदर्य मनाच्या दयेत असते.

अलेकही आपल्या माणसांना विसरली नाही. २०११ साली दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. २०१२ साली ती तिकडे गेली, घरदार सुटलेल्या लोकांना भेटली. संयुक्त राष्ट्रसंघाची निर्वासितांसाठी काम करणारी संस्था आहे. तिने अलेकला आपली सदिच्छा दूत नेमले.

आता मंडळी, माझी एक चूक सांगतो.

मी हेडमास्तर असताना शाळेच्या संमेलनात सीतेचे नाटक बसवले. वर्गात एक काळीसावळी पोर होती. सीतेचे सगळे बोल तिला तोंडपाठ. आवाज खणखणीत. पण मी सीता केली दुसऱ्या गोऱ्या मुलीला. हिला पडद्यामागे उभी केली, ती विसरली तर सांगायला. पोरीने मला विचारले, "गुरुजी, मी काळी म्हणून का?" मी म्हणालो, "छे गं, तसं काही नाही." मी खोटे बोललो. पुढच्या वर्षी तिने नाटकात नावच दिले नाही. अलेकची हकीकत वाचली, तेव्हा पहिली तीच पोर डोळ्यांपुढे आली.

पंढरीचा विठोबा काळा. त्याच्या पायांवर आपण डोके ठेवतो. आणि घरात मुलगी सावळी झाली की म्हणतो, हिचे लग्न कसे व्हायचे? मग गोरे होण्याच्या मलमाला पैसे घालतो. त्याच पैशात तिला वह्या येतील.

अलेकला बाजारात एक माणूस भेटला. प्रत्येकीला असा माणूस भेटेल असे नाही. पण घरचे आपण रोज भेटतो ना? तिला काळी म्हणून हाक मारू नका. तिच्या नावाने हाक मारा. ती वाचून दाखवेल ते बसून ऐका. सून पाहायला जाल, तेव्हा रंग विचारू नका. काय शिकली, ते विचारा.

माझ्या हातून राहिले, ते तुमच्या हातून व्हावे. एवढे सांगून मी खाली बसतो.