टेन्शन, छातीत दुखणं आणि ताकोत्सुबो

२७ जुलै २०१९ आठवतोय? बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजाराहून जास्त प्रवासी सुखरूप बाहेर आले. पण अशा धास्तीने हृदय खरंच बिघडू शकतं का? हो, बिघडू शकतं. जपानमध्ये २००४ च्या निइगाता भूकंपानंतर असे रुग्ण एकदम वाढले होते.

या आजाराचं नाव ताकोत्सुबो. १९९० मध्ये हिरोशिमाच्या डॉ. हिकारू सातो यांनी त्याचं वर्णन केलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, अरुंद गळ्याचं आणि गोल बुडाचं. ताणात अॅड्रेनलीनसारखी द्रव्यं रक्तात एकदम वाढतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याचं खालचं टोक आकुंचन पावत नाही, आणि कप्पा त्या मडक्यासारखा दिसतो. काहींत टोकाऐवजी मधला किंवा वरचा भाग ढिला पडतो.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एकच अलर्ट दोन वेगळ्या बिघाडांमुळे येतो ना, तसंच हे. कुणाच्या छातीत दुखतं, कुणाला दम लागतो, कुणी चक्कर येऊन पडतं. ईसीजी बदलतो, रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. सगळं हार्ट अटॅकसारखंच! अँजिओग्राफी केल्यावर कळतं, की हे बिघडवेल असा अडथळा रक्तवाहिन्यांत नाही.

२०१५ मध्ये १,७५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या, सरासरी वय ६७. गंमत म्हणजे भावनिक धक्का साधारण २८ टक्क्यांतच सापडला. आजारपण, ऑपरेशन अशी शारीरिक कारणं ३६ टक्क्यांत होती, आणि बाकीच्या बऱ्याच जणांत कारणच मिळालं नाही. काहींना तर आनंदाच्या प्रसंगीही हे झालेलं आहे.

म्हणून दोन गोष्टी. घरात कुणी गेलं, भांडण झालं, आणि आई म्हणाली छातीत दुखतंय, तर ‘मनाला लावून घेऊ नकोस, लिंबूपाणी घे’ म्हणून विषय संपवायचा नाही. आणि काहीच घडलेलं नसलं तरी ‘गॅस असेल’ म्हणायचं नाही. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण सुरुवातीचे दिवस जिवावर बेतू शकतात. अटॅक की ताकोत्सुबो, हे उल्हासनगर-अंबरनाथच्या कुठल्याही घरात बसून ठरत नाही. ते हॉस्पिटलमध्येच ठरतं. थेट १०८ लावा.