पुळणीची वही

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावच्या बचत गटातल्या बाया. हिशोबाच्या वहीसोबत आमच्या गटाकडे आणखी एक वही आहे, पुळणीची. आज तिच्याबद्दल सांगतो.

तीन वर्षांपूर्वी पावसात आमच्या किनाऱ्यावरची सुरूची चार झाडं पडली. लाट माडांच्या बागेला लागली. आम्ही कचेरीत गेलो, तर उत्तर मिळालं, "पावसात किनारा जातोच, दिवाळीनंतर परत येतो." ते काही खोटं नव्हतं. पावसाळी लाटा रेती ओढून नेतात आणि समुद्र निवळला की हळूहळू परत आणून टाकतात. पण आमची रेती परत येत होती का? "पूर्वी पुळण मोठी होती," एवढंच आम्हाला सांगता आलं. पूर्वी म्हणजे कधी, मोठी म्हणजे किती, यावर आम्ही गप्प.

मग मोजायचं ठरवलं. दोरीला दर मीटरला गाठ मारली. दोन पक्क्या खुणा धरल्या : देवळामागच्या विहिरीचा कठडा आणि खडपापलीकडची जुनी शिळा. भरती जिथवर येते तिथे काटक्या-कचऱ्याची रेघ उमटते. खुणेपासून त्या रेघेपर्यंत दर पौर्णिमेला मोजायचं. वेळेचं गणित आपल्या सासवांनीच शिकवलेलं आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला 6 वाजता भरती, 12 ला सुकती. पौर्णिमेला सकाळी सुकती असते, तेव्हा तिसऱ्या काढायला जाताना मापही होतं.

वहीत दोन रकाने आहेत. पहिल्यात समुद्राचं : पुळणीची रुंदी, मेलेले मासे, पक्षी, कासवाचा माग. दुसऱ्यात माणसांचं : जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, डांबराचे गोळे, सांडपाणी, गाड्यांच्या चाकोऱ्या, रेतीचे खड्डे.

दोन वर्षांनी पानं जुळवून पाहिली. ज्येष्ठातलं माप ज्येष्ठाशी, पौषातलं पौषाशी. खडपापलीकडे दोन्ही वर्षी रेती भरून आली होती. विहिरीकडे गाठी कमीच होत गेल्या होत्या, आणि तिथेच दुसऱ्या रकान्यात पुन्हापुन्हा लिहिलं होतं : ट्रॅक्टर, खड्डे.

तेव्हा आमच्यात वाद झाला. ट्रॅक्टरवाला कुणाचा दीर, कुणाचा भाचा. ती रेती आमच्याच काही जणींच्या घराच्या गिलाव्याला गेली होती. शेवटी ठरलं की नाव कुणाचं घ्यायचं नाही, वही मात्र पूर्ण वाचायची. ग्रामसभेत वाचली. पुळणीवर उतरायच्या वाटेवर दगड रोवले गेले. पुळण अजून पूर्ण भरलेली नाही, पण यंदा गाठी कमी झाल्या नाहीत.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून गावकऱ्यांच्या मदतीने कासवाची घरटी राखली जातात. थंडीत ऑलिव्ह रिडले मादी रेतीत शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्लं समुद्राकडे निघाली की चाकोरीत अडकतात. घरटं दिसलं तर उकरू नका, वनखात्याला कळवा.

तुमच्या गावीही हे जमेल. एक वही, एक दोरी आणि दोघी जणी पुरतात. एखादी पौर्णिमा चुकली तर "मोजलं नाही" असं खरं लिहा, अंदाजाने आकडा भरू नका. येत्या पौर्णिमेला पहिलं पान लिहा. मग कुणी "पूर्वी म्हणजे कधी?" विचारलं, तर तारीख दाखवता येईल.