कवी थॉम्प्सनचे खरे काम

अठराव्या शतकातील इंग्रज आरमारी अधिकारी एडवर्ड थॉम्प्सन याला त्याचे सहकारी ‘कवी थॉम्प्सन’ म्हणत, आणि दुर्दैवाने तेच नाव त्याला चिकटून राहिले. १७५९ मधील किबेरॉनच्या लढाईत तो लेफ्टनंट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, होता. लंडनच्या गणिकांवर त्याने रचलेली टवाळ पद्ये आज कोणी वाचत नाही, यात अन्याय काही नाही.

अन्याय आहे तो दुसरीकडे. सतराव्या शतकातील कवी अँड्र्यू मार्व्हेल हा हल शहराचा पार्लमेंटातील प्रतिनिधी, आणि थॉम्प्सनही हलचाच. या गावममत्वातून त्याने १७७६ साली मार्व्हेलचे समग्र साहित्य तीन खंडांत छापले. आयर्लंडहून परतलेल्या, राजेशाही उलथवणाऱ्या सेनापती क्रॉमवेलवर मार्व्हेलने १६५० मध्ये लिहिलेले ओड, म्हणजे थोर व्यक्तीस वा प्रसंगास उद्देशून रचलेले गंभीर काव्य, १६८१ च्या संग्रहात छापले गेले खरे, परंतु राजेशाही परत आलेली असल्याने ती पाने जवळजवळ सर्व प्रतींतून काढून टाकण्यात आली. पुढे ९५ वर्षांनी, हाती आलेल्या एका हस्तलिखित वहीच्या आधारे, ते वाचकांपुढे ठेवले थॉम्प्सनने.

पंडित मात्र त्याच्या चुकाच मोजत बसतात. वहीत सापडले ते सारे मार्व्हेलचे, असे त्याने धरले आणि मार्व्हेल वारल्यावर ३४ वर्षांनी, १७१२ मध्ये, निबंधकार ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकात छापलेली स्तोत्रेही मार्व्हेलच्या खात्यावर मांडली. पण कणगीत बियाणे राखणाऱ्या घरात शेजारचे दाणे मिसळतात, खडेही निघतात, कधी कीडही लागते. पेरणीपूर्वी ते निवडावे लागते, म्हणून कणगीच उकिरड्यावर ओतणाऱ्याला शेतकरी कोण म्हणेल? निवडण्याचे काम पुढच्या संपादकांनी केले, ते उत्तमच झाले. परंतु निवडायला बियाणे होते, ते कोणी राखले होते? श्रोत्यांनी एवढे एक विसरू नये: थॉम्प्सनची योग्यता त्याच्या स्वतःच्या कवितेत नाही, दुसऱ्याच्या कवितेसाठी त्याने घेतलेल्या खटपटीत आहे.

१७८६ च्या जानेवारीत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत ‘ग्रॅम्पस’ या जहाजावर तो वारला, आणि मार्व्हेलचे खंड तेव्हा दहा वर्षांचे होते.