तापणारा लॅपटॉप आणि कंपनीकडील तक्रार
(चिखलोली येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये वसलेल्या चिखलोलीच्या परिसरात चैत्र-वैशाखातले ऊन कसे असते, हे येथील शिक्षकांस निराळे सांगावयास नको. दुपारी पत्र्याखालच्या वर्गात मुले वहीने वारा घेऊ लागतात. त्याच वेळी टेबलावरील लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो, पडद्यावरचे चित्र अडखळते, आणि पाठ ऐन रंगात आला असता यंत्र एकाएकी बंद पडते. मग ‘लॅपटॉप बिघडला’ असा निवाडा होऊन ते कपाटात जाते. पुष्कळदा हा निवाडा घाईचा असतो. आणि बिघाड खरोखरच असला, तर यंत्र कपाटात असतानाही हमीची मुदत सरतच असते.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक गावांनी वर्गणी काढून शाळांस अशी साधने दिली. ज्या गावकऱ्याने मजुरीतून शंभर रुपये काढून दिले, त्याच्या मुलाने ते यंत्र कुलपात पाहावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

यंत्र तापते ते का? त्यातील प्रोसेसर चालताना उष्णता निर्माण करतो. ती तांब्याच्या नळीवाटे बारीक पत्र्यांच्या जाळीकडे नेली जाते आणि लहानसा पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. उष्णता निघेनाशी झाली म्हणजे प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. चित्र अडखळते ते यामुळे. तरीही ताप वाढत गेला, तर आतले भाग जळू नयेत म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. असे बंद होणे ही बचाव करण्याची योजना आहे. पुष्कळ निर्माते सभोवतालची हवा ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असतानाच यंत्र वापरावे असे सांगतात. उन्हाळ्यातील आपल्या वर्गांचे तापमान हा आकडा सहज ओलांडते.

शाळेतले शत्रू दोन. एक खडूची भुकटी. ती जाळीत बसते आणि पावसाळ्यातील दमट हवेने तिचा थर घट्ट होतो. दुसरा शत्रू म्हणजे टेबलावरचा कशिदा काढलेला रुमाल! शोभेसाठी घातलेला हा रुमाल यंत्राच्या तळाची हवेची भोके बंद करतो. म्हणून यंत्र फळ्यापासून दूर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी, उघड्या लाकडी फळीवर ठेवावे आणि मागच्या बाजूस लाकडाचे दोन तुकडे देऊन किंचित उचलावे. झडपांवरची धूळ, यंत्र बंद करून व तारा काढून, मऊ कोरड्या ब्रशाने बाहेरूनच झाडावी. हमीच्या मुदतीत तळाचे झाकण उघडू नये. बॅटरी फुगून कळफलक वर आला असेल, तर मात्र कसलाही प्रयोग न करता यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जिंगला लावू नये आणि मुलांपासून दूर ठेवावे.

एवढे झाल्यावर शिक्षकाने एक परीक्षा घ्यावी. सकाळच्या गारव्यात, झडपा स्वच्छ असताना, एखादी चित्रफीत अर्धा तास चालवावी. तीच पुन्हा दुपारी चालवावी. केवळ दुपारी यंत्र थकत असेल, तर दोष उन्हाचा व जागेचा. सकाळीही बंद पडत असेल, तर दोष यंत्राच्या आत आहे आणि तक्रार करणे प्राप्त आहे.

तक्रार कशी लिहावी? ‘लॅपटॉप फार तापतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही भाषा कार्यालयात चालत असेल. सेवा केंद्रास तिचा उपयोग नाही. ‘सकाळी आठ वाजता चार्जर जोडून चित्रफीत लावली, अठराव्या मिनिटास यंत्र आपोआप बंद झाले, पंखा फिरल्याचा आवाज आला नाही, दुसऱ्या दिवशी तसेच घडले’ असे लिहिले म्हणजे तंत्रज्ञास दोष कोठे शोधावा हे कळते. सोबत यंत्राच्या तळाशी छापलेला अनुक्रमांक आणि खरेदीची पावती हवी. देणगीच्या यंत्राची पावती बहुधा देणगीदाराच्या घरी राहते. ती यंत्र स्वीकारतानाच मागून घ्यावी आणि अनुक्रमांक जडवस्तू नोंदवहीत उतरावा.

अनुक्रमांकाचे महत्त्व किती असते पाहा. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीने बनविलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या, अति तापून पेट घेण्याच्या धोक्यामुळे, परत मागविल्या. जून २०१९ मध्ये ॲपलनेही काही मॅकबुक प्रो यंत्रांच्या बॅटऱ्या याच कारणासाठी विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. ॲपलच्या बाबतीत आपले यंत्र त्यांपैकी आहे की नाही, हे अनुक्रमांकावरून पाहता येत होते.

कंपनीचा दूरध्वनी क्रमांक हमीपत्रावरून अथवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधता जो क्रमांक प्रथम दिसेल तो लावू नये, कारण तेथे भामटे टपलेले असतात. ओटीपी मागणारा किंवा पडदा पाहू द्या म्हणणारा अनोळखी माणूस मदतनीस समजू नये. तक्रारीचा क्रमांक, तारीख व बोलणाऱ्याचे नाव लगेच टिपून ठेवावे. यंत्र हवाली करण्यापूर्वी निकालपत्रके व मुलांची माहिती दुसरीकडे उतरवून यंत्रातून काढून टाकावी आणि यंत्राच्या स्थितीची नोंद असलेली पोच घ्यावी.

कंपनीने दाद दिली नाही, तर शिक्षकाच्या स्वतःच्या यंत्राबाबत राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते. त्यापुढे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तेथे शुल्क नाही. शाळेच्या मालकीच्या यंत्राबाबत मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पत्रव्यवहार करावा.

यंत्र दुरुस्त होऊन आले म्हणजे पूर्वीचीच चित्रफीत, त्याच फळीवर, सकाळी आठ वाजता पुन्हा लावावी. अठरावे मिनिट उलटून अर्धा तास पुरा होईपर्यंत तक्रार मिटल्याचा संदेश कंपनीस पाठवू नये.